बंपरचा शेड वेगळा, दारावर ओघळ: पेंटचं खराब काम गॅरेजकडून कसं निस्तरून घ्यायचं

डेंटिंग-पेंटिंगवरून होणारी भांडणं बहुतेक एकाच जागी अडकतात. गाडीमालक म्हणतो, "काम काय बरोबर झालं नाही." मिस्त्री म्हणतो, "दादा, पेंट अजून कच्चा हाय. आठ दिवस ऊन लागू द्या, शेड मिळंल." आठाचे पंधरा दिवस होतात. तोवर पैसे देऊन झालेले असतात आणि पहिल्या दिवशी पेंट कसा दिसत होता याचा एकही फोटो नसतो. 'बरोबर नाही' हे म्हणणं गॅरेजवाला सहज उडवून लावतो. 'डाव्या पुढच्या दाराच्या खालच्या कडेला चार इंचाचा ओघळ आहे आणि हँडलखाली घासकागदाचे ओरखडे क्लिअरखालून (वरच्या पारदर्शक थराखालून) दिसतायत' हे त्याला उडवता येत नाही. त्यामुळे आधी दोषाला नाव द्यायचं, मग कागद करायचा. कायद्याचा नंबर त्यानंतर.

गाडी ताब्यात घेताना

संध्याकाळी सातला, पत्र्याच्या शेडमधल्या ट्यूबलाइटखाली गाडी घेऊ नका. धुऊन ओली उभी केलेली गाडीही नको, कारण पाण्याच्या थराखाली ओरखडे आणि मंदपणा दोन्ही लपतात. सकाळी नऊ-दहाला जा. गाडी आधी उन्हात बघा, मग सावलीत. मेटॅलिक रंग असेल तर समोरून उभं राहून आणि पॅनेलच्या (दार, फेंडर असा गाडीचा एकेक भाग) कडेने तिरकं, दोन्हीकडून बघा. समोरून जुळणारा चंदेरी रंग तिरका बघितला की एकदम काळपट किंवा पांढरट दिसतो, आणि खरी चूक तिथेच पकडली जाते.

विजेची तार किंवा शेडचा खांब पॅनेलमध्ये कसा दिसतो तेही बघा. प्रतिबिंब नागमोडी दिसलं तर खाली पुट्टी (खड्डे भरायचं लुकण) सपाट घासलेली नाही. एक पातळ फडकं तळहाताखाली धरून पॅनेलवरून लांब हात फिरवा. डोळ्याला न दिसणारा उंचसखलपणा हाताला कळतो. मग दाराच्या रबराची बीडिंग, काचेच्या कडा, हेडलाइट, टायर. तिथे रंगाची बारीक भुकटी खरखरीत लागली तर मास्किंग (रंग नको तिथे टेप-कागद लावणं) नीट झालेलं नाही. दार उघडून आतल्या कडेला टेपची उभी रेघ राहिली आहे का बघा. ही रेघ दिसायला क्षुल्लक असते, पण पोपडा सुटायला बहुतेक तिथूनच सुरुवात होते.

हे सगळं मोबाइलमध्ये घ्या. दोषाशेजारी एक रुपयाचं नाणं किंवा मोजपट्टी ठेवून जवळचा फोटो, आणि तो भाग गाडीवर नेमका कुठे आहे हे कळेल असा लांबचा फोटो. नंबरप्लेटपासून सुरू होऊन दोषापर्यंत येणारा सलग व्हिडिओ असला तर 'ही दुसरीच गाडी' असं कुणी म्हणू शकत नाही.

कोणता दोष पॉलिशने जातो, कोणता नाही

गॅरेजवाला प्रत्येक गोष्टीवर एकच औषध सांगतो: "पॉलिश मारून देतो." काही दोषांना ते खरंच पुरतं. क्लिअरमध्ये बसलेला धुळीचा कण, संत्र्याच्या सालीसारखा हलका खरखरीतपणा, क्लिअरचा छोटा ओघळ, बफिंगचे गोल गोल डाग हे सगळं २००० आणि मग ३००० नंबरच्या पाणीकागदाने आणि कंपाउंडने काढता येतं. पण एकदाच. दोन हात नीट मारलेला क्लिअर वाळल्यावर साधारण ५० ते ६० मायक्रॉन जाड असतो (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). नुसतं पॉलिश त्यातले दोन-चार मायक्रॉन खातं, कागद मारला की दहा किंवा जास्त जातात. दोनदा-तीनदा घासलं की वर उरलेला पातळ थर वर्ष-दोन वर्षांच्या उन्हात निस्तेज होतो आणि सुटायला लागतो. पॅनेलच्या कडेवर आणि बॉडीच्या उठावाच्या रेषेवर तर क्लिअर मुळातच पातळ असतो, मशीन टेकलं की रंग उघडा पडतो. 'घासताना कड उघडी पडली तर ते पॅनेल तुमच्या खर्चाने पूर्ण मारायचं' हे पॉलिशला हो म्हणण्याआधीच बोलून घ्या.

शेडचं तसं नाही. पॉलिशने शेड बदलत नाही, उन्हानेही बदलत नाही. बेसकोटवर (क्लिअरखालच्या रंगाच्या थरावर) क्लिअर बसून वाळला की जो रंग दिसतो तोच राहणार. 'मुरेल' ही समजूत काढण्याची भाषा झाली. शेड चुकतो त्याची कारणं ठरलेली आहेत. कंपनीचा पेंट कोड एकच असला तरी त्याचे दोन-तीन उपशेड असतात. जुनी गाडी उन्हाने उतरलेली असते. मेटॅलिकमध्ये तर गनचं प्रेशर, अंतर आणि हात किती ओला पडला यावरही शेड ठरतो: कोरडा हात मारला तर फिका, ओला मारला तर गडद. चांगला पेंटर आधी एका कार्डावर रंग आणि क्लिअर मारून, ते वाळवून गाडीला लावून बघतो. त्याला एवढंच विचारा, "टेस्ट कार्ड मारलं होतं का? दाखवा." उपाय म्हणजे रंग टिंट करून (छटा जुळवून) पॅनेल पुन्हा मारणं, आणि शेजारच्या पॅनेलवर बेसकोट विरवत नेऊन त्या पूर्ण पॅनेलवर क्लिअर मारणं. शेजारचं पॅनेल न घेता नुसतं तेवढंच दार पुन्हा मारलं की चंदेरी किंवा मोतिया रंगात तीच तक्रार परत येते.

एक गोष्ट मात्र तक्रार करण्याआधी तपासा. प्लास्टिकचा बंपर आणि लोखंडी फेंडर यांचा शेड कंपनीतून आलेल्या गाडीतही किंचित वेगळा असतो. ज्या बाजूला काम झालेलं नाही तिथे बंपर आणि फेंडर कसे दिसतात ते बघा. दोन्ही बाजूंना सारखाच फरक असेल तर गॅरेजवाल्याची चूक नाही.

पुढचे दोष खालच्या थरातले आहेत. त्यांना पॉलिशही चालत नाही आणि वरून नुसता नवा हातही चालत नाही. पुट्टीच्या डागाची कड काही आठवड्यांनी नकाशासारखी वर दिसायला लागली, तर पुट्टी किंवा प्रायमर पूर्ण वाळण्याआधी पुढचा थर मारला गेलाय. रंगावर पिवळसर डाग उमटला तर पुट्टीत हार्डनर (ती कडक करणारं रसायन) जास्त पडलाय. तो साधारण दोन-तीन टक्के लागतो, पण लवकर वाळावं म्हणून अंदाजाने पिळला जातो. बशीसारखे बारीक खड्डे दिसले तर पेंट मारताना पत्र्यावर तेल, ग्रीस किंवा सिलिकॉनचं पॉलिश राहिलं होतं, नाहीतर कंप्रेसरच्या हवेतून तेल आलं.

आपल्याकडचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे फोड. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर-पाटणच्या बाजूला पावसाळाभर हवेत ओल असते. पुट्टी पाणी शोषते. ती पाणीकागदाने घासून, नीट न वाळवता त्यावर प्रायमर मारला की पाणी आत कोंडतं. जून-जुलैत मारलेलं दार दिवाळीपर्यंत छान दिसतं आणि ऊन तापल्यावर फुगे येतात, खाली पत्रा गंजायला लागतो. माण-खटावकडे उलट: ओल कमी, पण उघड्यावर मारलेल्या क्लिअरमध्ये धूळ बसणारच. पहिला दोष वरच्यावर बरा करता येत नाही, पत्र्यापर्यंत साफ करून सगळे थर नव्याने द्यावे लागतात. दुसरा बहुतेक वेळा पॉलिशने निघतो. दोन्हींसाठी एकच मागणी करू नका. आणि फोड नखाने फोडू नका. दिसल्या दिवशी फोटो काढून गॅरेजला पाठवा, तो पुरावा आहे.

बंपरचा पोपडा सुटत असेल तर पोपड्याची मागची बाजू बघा. सुटलेल्या कडेवर मास्किंग टेप दाबून एकदा ओढा. खाली स्वच्छ काळं प्लास्टिक दिसलं, तर प्लास्टिक प्रायमर मारलेला नाही किंवा बंपर नीट धुतलेला नाही. खाली रंग शाबूत आहे आणि टेपला फक्त पारदर्शक पापुद्रा आला, तर क्लिअर बेसकोटला धरलेला नाही. मधे फार वेळ गेला असेल किंवा बेसकोटवर हात लागला असेल. टेप त्याच्या पोपड्यासकट पाकिटात घालून तारीख टाकून ठेवा. हे दाखवल्यावर 'प्रेशर वॉशने निघाला' हा बचाव टिकत नाही, कारण नीट धरलेला पेंट योग्य अंतरावरून मारलेल्या पाण्याने निघत नाही.

मायक्रॉन आणि थिनर

पेंटची जाडी मोजायचं छोटं यंत्र मोठ्या डिटेलिंगवाल्याकडे आणि जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे असतं. साधं यंत्र लोखंडी पत्र्यावर चालतं, प्लास्टिक बंपरवर नाही. आधी हात न लावलेल्या छपराचं माप घ्या. कंपनीचा पेंट साधारण ९० ते १५० मायक्रॉन येतो. मग वादातल्या पॅनेलवर चार कोपरे आणि मधे, अशी पाच मापं लिहून घ्या. दीडशे ते अडीचशे म्हणजे पुन्हा मारलेला पेंट, त्यात गैर काही नाही. पाचशेच्या वर गेलं तर खाली पुट्टी आहे.

या आकड्यांचा खरा उपयोग बिलाशी ताडून बघण्यात आहे. बिलात 'नवीन फेंडर' लिहिलंय आणि फेंडरवर ८०० मायक्रॉन येतायत, तर फेंडर बदललेलाच नाही. नव्या पत्र्याला एवढी पुट्टी लागत नाही. अशा वेळी वाद पेंटच्या दर्जापुरता राहत नाही, न दिलेल्या मालाचे पैसे घेतल्याचा होतो आणि तुमची बाजू फार भक्कम होते. म्हणूनच काम देतानाच सांगून ठेवा की काढलेले जुने भाग परत हवेत.

दुसरी शंका मालाची. बिलात पीयू (पॉलीयुरेथेन पेंट) लिहायचं आणि मारायचा स्वस्त एनसी (नायट्रोसेल्युलोज पेंट), हे चालतं. एनसी थिनरमध्ये परत विरघळतो. हार्डनर घालून मारलेला पीयू पूर्ण वाळल्यावर विरघळत नाही, फार तर जरा मंद पडतो. पांढऱ्या फडक्यावर थोडं एनसी थिनर घेऊन पॅनेलच्या बाहेरच्या पण खालच्या, न दिसणाऱ्या कडेला दहा सेकंद घासा. फडक्याला रंग आला आणि जागा चिकट झाली तर माल हलका. दोन पथ्यं आहेत. काम होऊन दोन-तीन आठवडे उलटल्यावरच करा, ताजा पीयूही थिनरने मऊ पडतो. आणि दाराच्या आतल्या कडेवर करू नका, तिथे क्लिअर जेमतेम पोचलेला असतो आणि खालचा बेसकोट फडक्याला येऊन तुमचीच फसगत होते. शक्यतो गॅरेजमालकासमोर करा.

पैसे देताना

काम पसंत नाही म्हणून पैसे अडवावेत असं वाटणं साहजिक आहे. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, वेगळा करार झालेला नसेल तर केलेल्या कामाची रक्कम मिळेपर्यंत कारागिराला वस्तू अडवून ठेवता येते. म्हणजे गाडी त्याच्या शेडमध्ये आणि वाद तुमच्या गळ्यात. दुसऱ्या चावीने गाडी काढून आणणं तर मुळीच नको. गाडी लागतच असेल तर पैसे द्या, पण हरकत नोंदवून. बिलाच्या दोन्ही प्रतींवर स्वतःच्या हाताने लिहा:

"डावे पुढचे दार: ओघळ व कागदाचे ओरखडे. पुढचा बंपर: शेड जुळत नाही. काम मान्य नाही. हरकत राखून रक्कम दिली." खाली सही, तारीख.

गॅरेजवाला लिहू देत नसेल तर पैसे रोख न देता यूपीआयने द्या आणि लगेच हाच मजकूर फोटोंसह त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवा. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये 'काम समाधानकारक' असा छापील कागद पुढे करतात. त्यावर कोरी सही करू नका, सहीच्या वर दोष लिहा.

बिल मागाच. 'बिल पाहिजे तर जीएसटी १८ टक्के वर पडेल' हे वाक्य ओळखीचं आहे. नोंदणी असलेल्याने जीएसटी लावलाच पाहिजे. नोंदणी नसलेल्याला जीएसटी घेता येत नाही, पण त्याने साधं बिल द्यायला काहीच हरकत नसते. बिल किंवा पावती न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल नाहीच मिळालं तर यूपीआयची नोंद, एस्टिमेटचा फोटो आणि 'गाडी झाली, घेऊन जा' हा त्याचा मेसेज, एवढ्यावरही व्यवहार सिद्ध होतो.

पहिलं बोलणं

पेंटरशी नाही, मालकाशी बोला. पेंटर बऱ्याचदा पॅनेलमागे ठरलेल्या पैशावर काम करतो, दुसऱ्यांदा मारण्याचा माल कुणाच्या खिशातून हे त्याला ठरवता येत नाही. चार गिऱ्हाइकांसमोर आवाज चढवला की मालकाला माघार घेता येत नाही, म्हणून सकाळी शेड उघडल्या उघडल्या जा. मागणी नेमकी ठेवा. 'सगळी गाडी परत मारून द्या' म्हणणाऱ्याला काहीच मिळत नाही. बोलणं झालं की त्याच दिवशी मेसेज टाका, साधारण असा:

"नमस्कार. एमएच ११ ची माझी गाडी (पूर्ण नंबर) आपल्याकडून पेंट करून घेतली. आज आपण समक्ष पाहिल्याप्रमाणे: १) पुढचा बंपर, शेड जुळत नाही. २) डावे पुढचे दार, खालच्या कडेला ओघळ, हँडलखाली ओरखडे. आपण बंपर टिंट करून पुन्हा मारणार, दार पूर्ण पॅनेल मारून डाव्या फेंडरवर शेड विरवणार, माल व मजुरी आपली, गाडी सोमवारी घेऊन शनिवारी देणार असे ठरले. बरोबर असल्यास कळवावे."

उत्तरात नुसतं 'ओके' आलं तरी बास. पुढे सगळं याच्यावर उभं राहतं.

त्याच गॅरेजला एक संधी द्यावी, हे आमचं मत आहे. कायद्याने तशी सक्ती नाही, पण संधी न देता दुसरीकडे काम करून घेतलेल्या गिऱ्हाइकाची बाजू ग्राहक आयोगासमोर पातळ पडते. दुसऱ्या प्रयत्नातही तेच झालं तर तिसरी संधी नको. दर वेळी घासताना थर कमी होतात किंवा वर नवे चढून पेंट जाड होतो, आणि जाड पेंटला तडे जातात.

काही तक्रारींत दम नसतो, तेही सांगितलं पाहिजे. दीड हजारात 'नुसतं टचिंग करून द्या' म्हणून काम सांगितलं असेल तर पॅनेलच्या पेंटची अपेक्षा धरता येणार नाही. जुना गंज होता आणि गॅरेजवाल्याने 'पत्रा बदला, नाहीतर परत येईल' असं जॉब कार्डवर (गाडी घेताना गॅरेज काम लिहितं त्या कागदावर) लिहिलं होतं, तर परत आलेला गंज त्याच्या माथी मारता येत नाही. त्याने लिहिलं नसेल आणि गुपचूप पुट्टी भरली असेल, तर मात्र जबाबदारी त्याचीच.

इन्शुरन्समधून झालेलं काम

कॅशलेसमध्ये (इन्शुरन्स कंपनी गॅरेजला थेट पैसे देते तेव्हा) 'पैसे कंपनीने दिले, तुम्ही कोण बोलणार' असं ऐकवतात. गाडी तुमची, प्रीमियम तुमचा आणि झीज म्हणून कापलेली रक्कमही तुम्हीच भरलेली असते. झिरो डेप (झीज न कापणारं जादा कव्हर) नसेल तर पेंटच्या मालावर ५० टक्के झीज कापतात, आणि माल-मजुरी एकत्र लिहिलेल्या बिलात मालाचा वाटा २५ टक्के धरतात. तुम्ही ग्राहक आहातच. दोष दिसले की सर्व्हेयरला (नुकसान तपासून रक्कम ठरवणाऱ्याला) आणि इन्शुरन्स कंपनीला त्याच दिवशी मेल करा, पुन्हा तपासणी मागा. कॅशलेस वर्कशॉप त्यांच्याच यादीतलं असल्याने तिकडून आलेला फोन तुमच्या दहा फोनांपेक्षा लवकर ऐकला जातो.

दुसऱ्याकडून तपासणी, मग रक्कम

बोलणं फिसकटलं की दुसरीकडे काम सुरू करण्याआधी तज्ज्ञाचं लेखी मत घ्या. पेंट पुन्हा मारला की पुरावा संपला. पेंट बूथ असलेल्या गॅरेजचं लेटरहेडवरचं मत चालतं. परवानाधारक मोटार सर्व्हेयरचा अहवाल त्याहून वजनदार, त्याची फी लागेल. अहवालात गाडीचा नंबर, तपासणीची तारीख, पॅनेलवार दोष, त्याचं कारण, मायक्रॉनची मापं आणि दुरुस्तीचा खर्च असावा. 'काम निकृष्ट आहे' एवढंच लिहिलेल्या कागदाचा उपयोग नाही.

मागायची रक्कम दोन कोटेशनांवरून काढा. उदाहरणार्थ, तीन पॅनेलचे १८,००० दिले, त्यातली दोन बिघडली. ती साफ करून पुन्हा मारायला दुसरीकडे १५,००० सांगतायत, कारण जुना थर उतरवायची मजुरी वाढते. मग १५,००० आणि अहवालाची फी मागा. पहिले पैसेही परत आणि नवा खर्चही, अशी दुहेरी मागणी केली तर समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. मनस्तापाचे म्हणून वेगळे मागता येतात, पण दोन लाख लिहून हसं करून घेऊ नका.

नोटीस

वकिलामार्फतच पाठवली पाहिजे असं काही नाही. साध्या कागदावर मराठीत लिहा, स्पीड पोस्टने पाठवा, पावती आणि पोचल्याची नोंद जपा. व्यवहाराची तारीख आणि रक्कम, पॅनेलवार दोष, किती वेळा दाखवले, तज्ज्ञ काय म्हणतो, आणि शेवटी: "ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत वरील दोन पॅनेल विनामूल्य दुरुस्त करून द्यावीत किंवा रु. १५,००० द्यावेत, अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागितली जाईल."

नाव अचूक हवं. पाटीवरचं नाव आणि मालकाचं नाव वेगळं असतं. बिलावर जीएसटी नंबर असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकल्यावर कायदेशीर नाव मिळतं, नाहीतर शेडमध्ये लावलेला गुमास्ता परवाना बघा. चुकीच्या नावाने मिळवलेला आदेश वसूल करताना घाम काढतो.

याच काळात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवता येते. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपबाबत तिचा बरा उपयोग होतो. रस्त्याकडेच्या शेडवाल्यावर फारसा परिणाम होईल असं धरून चालू नका. पोलिसांकडेही जाऊन बसू नका. खराब पेंट हा दिवाणी मामला आहे, न बदललेल्या भागाचे पैसे घेतल्याचा पुरावा असेल तर गोष्ट वेगळी. ऑनलाइन लिहायचं असेल तर फोटो, तारीख आणि घडलं तेवढंच लिहा. 'चोर', 'लुटारू' लिहिलं की तक्रारदाराचा आरोपी व्हायला वेळ लागत नाही.

जिल्हा ग्राहक आयोग

साताऱ्यात आणि सांगलीत दोन्हीकडे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. मोबदला ५० लाखांपर्यंत असलेले वाद तिथे चालतात आणि ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, म्हणजे पेंटच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी विनाशुल्क. वकील लावण्याची सक्ती नाही. आणि २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली आहे: तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. कराडच्या माणसाने पुण्यात गाडी मारून घेतली तरी तक्रार साताऱ्यात दाखल होते.

मुदत दोन वर्षांची. फोड उशिरा आले तर दोष कळल्यापासून मोजा असं म्हणता येतं, पण त्यावर वाद होतो, म्हणून गाडी ताब्यात घेतल्याच्या तारखेपासूनच मोजा. टॅक्सी किंवा टेम्पो असेल तर 'व्यापारी वापर' ही हरकत येणार. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर तुम्ही ग्राहक ठरता, तसं तक्रारीत स्पष्ट लिहा.

तक्रारीला जोडायचं: बिल किंवा पेमेंटची नोंद, जॉब कार्ड, एस्टिमेट, तारखांसह फोटो, मेसेजची छापील पानं, तज्ज्ञाचा अहवाल आणि त्याचं शपथपत्र, दोन कोटेशनं, नोटीस आणि तिची पोच, आरसी, आधार, तुमचं शपथपत्र. मेसेज आणि फोटोंसाठी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडलं की पुढची एक हरकत आधीच संपते. जाबदार (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो) जितके, तितक्या जादा प्रती. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते.

तज्ज्ञाचं शपथपत्र बरेच जण विसरतात. सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदारावर असते, आणि फोटोत मेटॅलिकचा शेड वेगळा दिसणं हे 'उजेडामुळे' म्हणून सहज झटकलं जातं.

तक्रार दाखल करून घेतली की जाबदाराला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५ मिळतात. कायदा तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल लावायला सांगतो. प्रत्यक्षात जास्त लागतात, तेवढा धीर धरायची तयारी ठेवा. मधे आयोग मध्यस्थीला पाठवू शकतो. पेंटच्या वादात ही संधी सोडू नये, कारण नोटीस घरी गेलेला गॅरेजवाला इथे बऱ्याचदा पैसे द्यायला तयार होतो. तडजोड लिहिताना 'गाडी नीट करून देईल' असं मोघम नको. रक्कम आणि तारीख लिहा. कामच करून घ्यायचं ठरलं तर कोणती पॅनेल, बूथमध्ये की उघड्यावर, कोणता माल, किती दिवसांत आणि काम कोण तपासणार तेही लिहा.

आदेश तुमच्या बाजूने लागला की समोरच्याला राज्य आयोगाकडे अपील करायला ४५ दिवस असतात, आणि त्यासाठी आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. त्याने अपीलही केलं नाही आणि पैसेही दिले नाहीत, तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ खाली वसुलीची दरखास्त द्या. कलम ७२ खाली वेगळा अर्ज करता येतो: आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५,००० ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दोन्ही अर्जांना आदेशाची प्रमाणित प्रत लागते, ती निकालाच्या दिवशीच मागून ठेवा.